वरकसावरचे वाकडे चर

मुळशीत राहून पाण्याची काळजी करणारा माणूस एकतर येडा असतो, नाहीतर मराठवाड्यातनं आलेला असतो, असं आमची आक्का म्हणते. मी हिंगोलीकडचा. पण दोन्हीतलं मला नेमकं कुठलं लागू पडतं, हे तिनं अजून सांगितलेलं नाही.

आक्का म्हणजे माझी घरमालकीण. सातवीतून शाळा सोडल्यावर मी मिळतील ती कामं करत फिरलो आणि शेवटी पिरंगुटच्या एका कारखान्यात ठेकेदाराच्या माणसांत लागलो. रस्त्याकडेच्या खोल्या झेपेनात, म्हणून आत डोंगराच्या अंगाला सरकत सरकत आक्काच्या गोठ्यापर्यंत पोचलो. गोठ्याला लागून तिनं पत्र्याच्या दोन खोल्या काढल्या होत्या. एकीत मी, दुसरीत भाताची पोती. शेजार चांगला होता. उंदीर सोडले तर तक्रार नाही.

वर्षभरात ठेकेदाराचं काम संपलं आणि त्याच्याबरोबर माझंही. मी पिशवी भरली, खोली झाडली, किल्ली द्यायला गेलो. आक्का म्हशीची धार काढत होती. मान वर न करता म्हणाली, "कुटं निघालं पाव्हणं?"

"बघतो कुठं काम मिळतंय ते."

"हितं काय देवळात भजन चाललंय व्हय? मालक गेल्यापासनं दोन म्हशी, खाचरं, वरकस, सगळं मी एकलीच बघतीया. राहा. भाड्याचं बघू मग."

मी राहिलो. ते ‘मग’ अजून उजाडलेलं नाही. उपकाराचं ओझं असं, की मी तिच्या आधी उठून शेण काढायचो, तिच्या आधी पाणी भरायचो, तिच्या आधी काळजी करायचो. शेवटी तीच एकदा वैतागून म्हणाली, "आरं, उपकार मानायची बी काय हद्द असती का न्हाई? मला काय काम ठेवशील का न्हाई?" एरवी मला ‘पाव्हणं’ म्हणून अहो-जाहो करणारी बाई ‘अरे-तुरे’वर आली की मला बरं वाटायचं. अरे-तुरे घरच्या माणसाला करतात.

आता पाण्याचं. इथं पाऊस एवढा, की भिजलेली चड्डी वाळेपर्यंत दुसरी भिजते. आमच्या गावाकडे चार वर्षांत पडत नसेल तेवढा इथं एका पावसाळ्यात पडतो. आणि होळीला विहिरीचा तळ दिसतो. मला हे पहिल्या वर्षी कुणी सांगितलं असतं तर खोटं वाटलं असतं. आक्काचं घर डोंगराच्या पायाशी. घराच्या वर वरकस, म्हणजे नुसता उताराचा माळ, आणि खाली भाताची चार खाचरं. वरकसावर पडलेलं पाणी क्षणभर बूड टेकत नसे. ओढ्यात उतरायचं आणि पळत धरणाला जाऊन मिळायचं. उन्हाळ्यात तेच धरण अंगणातून चकाकताना दिसायचं आणि आम्ही टँकरची वाट बघायचो.

आक्काचा मुलगा, त्याला मी दादा म्हणतो, भूगावला फ्लॅटमध्ये राहतो. स्वभावानं चांगला. आईवर जीव आहे, पण तो जीव रविवारीच दिसतो. त्या चैत्रात तो आला आणि आक्काला डोक्यावर हंडा घेऊन येताना बघितलं.

"आई, बास आता. ह्या वयात टँकरमागं पळायचं काय गं?"

"पळत न्हाई मी. टँकरच सावकास जातो."

"मी सिरीयसली बोलतोय. आख्ख्या पट्ट्यातली रानं गेली. आपणच कशाला धरून बसायचं? पाणी नाही, सहा महिने रान मोकळं पडतं. विकून टाकू आणि तू माझ्याकडे चल."

आक्कानं हंडा उतरवून ठेवला. म्हणाली, "तुझ्या बाच्या हातची खाचरं हायेत ती."

"म्हणून म्हणतो, दोन पावसाळे बघू. त्यानंतरच्या उन्हाळ्यात विहीर आटली, तर विकायचं. चालेल?"

"बरं," आक्का म्हणाली. चहा टाकू का म्हटल्यावर बरं म्हणतात, तसं.

मी गोठ्यात शेणाची पाटी घेऊन उभा होतो. पाटी तशीच राहिली. रान गेलं की म्हशी जाणार, म्हशी गेल्या की गोठा, गोठा गेला की मी. पण खरं दुःख निराळंच होतं. ज्या बाईनं मला भर रस्त्यावरून आत घेतलं, ती बाल्कनीत कुंडीला पाणी घालत बसलेली मला डोळ्यापुढं दिसायला लागली. त्या कुंडीचीच मला जास्त भीती वाटली.

योगायोग असा, की त्याच दिवसांत एका संस्थेची एक ताई गावात यायला लागली. डोंगरावरचं पाणी डोंगरातच कसं मुरवायचं, हे ती देवळाच्या ओट्यावर शिकवायची. गावातल्या माणसांना वेळ नव्हता. आक्का मला म्हणाली, "जावा तुमी. रिकामंच हाय तसंबी."

ताईनं एक चौकट करायला शिकवली. तीन बांबू बांधायचे, वरच्या टोकाला दोरी, दोरीला दगड. चौकटीचे दोन्ही पाय एका पातळीवर आले, की दोरी मधल्या खुणेवर येते. असं पाऊल पाऊल पुढं जात डोंगराला आडवी रेघ मारायची आणि त्या रेघेवर चर खणायचा. वरून धावत आलेलं पाणी चरात पडतं, दमतं आणि मुरतं. एवढंच शास्त्र. मला सातवीतलं गणित कधी कळलं नाही, पण हे कळलं. तेही तीनदा विचारल्यावर.

मी ती चौकट खांद्यावर टाकून वरकसाकडे निघालो की पारावरून आवाज यायचे. "पाव्हणं, झोपाळा कुनासाठी चालवलाय?" दुसरा म्हणायचा, "आरं लग्नाचं बघतुया त्यो. आधी झोपाळा, मग बायकू." मी हसायचो. परगावच्या माणसाला हसण्यावाचून दुसरा धंदा नसतो.

पहिला चर झाल्यावर आक्का बघायला आली. पातळीची रेघ डोंगराच्या अंगावरून जाते, त्यामुळे ती कधी आत वळते, कधी बाहेर. आक्कानं ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली.

"ह्यो चर हाय, का बैल मुतत गेलाय?"

"आक्का, सरळ असून चालत नाही. पातळी लागते. ताई म्हणाली तसं."

"ताईला सांग, आमच्या घरात नांगर सरळ धरत्यात."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वर गेलो तर ती माझ्या आधीच कुदळ घेऊन त्याच वाकड्या रेघेवर खणत होती. मी दुसऱ्या टोकानं खणायला घेतलं. दुपारपर्यंत तिचा चर माझ्यापेक्षा लांब झाला होता, आणि हे तिनं चार वेळा बोलून दाखवलं.

त्या दिवसांत माझ्या आईचा फोन आला. आमच्या गावाकडेही टँकरच. तिनं विचारलं, "काय करायलास बाळा?"

"चर खोदायलो."

"कशाला?"

"पाणी नाही म्हणून."

आई म्हणाली, "पाणी नाही आन् खड्डे खोदायचेत, तर त्याला पुण्याला कशाला जायचं? इथं काय कमी होतं?"

मी तिला आक्काच्या म्हशी कशा आहेत ते सांगितलं.

पावसाळा लागला आणि चरांनी पाणी धरलं. वरचा चर भरला की दुसरा, दुसरा भरला की तिसरा. मी छत्री घेऊन ह्या चरावरून त्या चरावर फिरायचो, लग्नातल्या पंगतीत वाढपी फिरतात तसा. इथपर्यंत ठीक होतं. पण खाचरांच्या बांधाला सांडवा असतो. जादा पाणी त्या वाटेनं खालच्या खाचरात उतरतं. मला ते बघवेना. आमच्याकडे तोंड धुतलेलं पाणीसुद्धा कढीपत्त्याला घालतात, आणि इथं भरल्या रानातून पाणी दिवसाढवळ्या निघून जातंय, आणि घरातली माणसं भजी खातायत. मी वरच्या खाचराचा सांडवा गवत आणि चिखलानं गच्च बुजवला आणि जेवायला गेलो.

जेवून आलो तर बांध नव्हता. म्हणजे होता, पण खालच्या खाचरात पसरलेला. नुकतीच लावलेली रोपं त्याच्याखाली.

मी मनातल्या मनात पिशवी भरायला घेतली. आक्का प्लास्टिकची खोळ पांघरून आली. बांधाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, बुजवलेल्या सांडव्याच्या जागेकडे बघितलं. मग तिच्या खोळीला हिसके बसायला लागले. मला वाटलं रडतेय. ती हसत होती.

"पाव्हणं, हितला पाऊस तुमच्या गावच्यावानी लाजाळू न्हाई. त्याला बस म्हनावं. कोंडू नये."

आम्ही दोघांनी मिळून दगड लावून बांध घातला आणि राहिलेली रोपं पुन्हा लावली. त्या पावसाळ्यात गोष्ट पिरंगुटच्या बाजारापर्यंत पोचली. भाजीवाली मला कोथिंबीर देताना म्हणायची, "पिशवीचं तोंड बांधू नका, फुटंल." मी हसू दिलं. आक्कानं हाकलून दिलं नाही, ह्यापुढं हसणं म्हणजे काहीच नाही.

त्या वर्षी विहीर होळीला आटली नाही. पाडव्यालाही पाणी होतं. मग मात्र खाली गेलं ते गेलंच, आणि पुन्हा टँकर. दादा येऊन बघून गेला. "आणखी एक पावसाळा आहे," म्हणाला. धीर द्यायला म्हणाला की आठवण करून द्यायला, मला कळलं नाही. मी दोन्ही धरून झोप घालवली.

ताई म्हणाली, नुसते चर पुरायचे नाहीत. वरकसावर पाला पडू द्या, झाडं वाढू द्या, जमीन झाकलेली राहिली तरच ती पाणी पिते. आता इथं अडचण अशी, की पावसाळ्याआधी वरकसावरच्या झाडांच्या फांद्या तोडायच्या, वाळवायच्या, रोपाच्या जागेवर शेणासोबत पसरून पेटवायच्या, ही इथली पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. त्याला राब म्हणतात. राब भाजल्याशिवाय रोप येत नाही, हे इथं लहान पोरालाही माहीत. आक्काला ‘राब भाजू नका’ हे सांगायचं कुणी? मी गोठ्यात म्हशीसमोर दोनदा बोलून बघितलं. म्हशीनं ऐकून घेतलं.

आक्कानं नाही घेतलं. "राब न भाजता रोप? उद्या म्हनशील, चूल न पेटवता भाकर."

"भाताच्या तुसाची राख चालते म्हणे. गिरणीवर पडूनच असते. उंच वाफा करायचा आणि—"

"कोन म्हनं?"

"ताई."

"तिचं लगीन झालंय का?"

"त्याचा काय संबंध, आक्का?"

"संबंध न्हाई. इचारलं."

शेवटी तोडगा निघाला. अर्धं रोप तिच्या राबावर, अर्धं माझ्या राखेच्या वाफ्यावर. दोन्ही सारखंच आलं. आक्का रोज सकाळी दोन्हींच्या मध्ये उभी राहून म्हणायची, "माझं बोटभर उंच हाय." मी म्हणायचो, हाय. पण पुढच्या वर्षी तिनं फांद्या तोडल्याच नाहीत. कारण सांगितलं, की झाडावर चढायला आता माणसं कुठं मिळतात. मी म्हटलं, खरंय.

दुसरा पावसाळा सरळ गेला. सांडव्याला मी हात लावला नाही. नुसता लांबून बघून उसासे टाकले. भात निघालं, त्याच्या ओलीवर आक्कानं दोन खाचरांत वाल टाकले. विहिरीला पाणी चांगलं होतं. आता हे पाणी उन्हाळाभर जपलं की झालं, असा माझा हिशेब. आणि संक्रांत झाली न झाली, तोच आक्का भुईमुगाचं बी घेऊन आली.

"आक्का, भुईमुगाला पाणी लागतं."

"मग? विहिरीत हाय की."

"पण ते उन्हाळ्याला पाहिजे. दादाची अट विसरलात का? पाणी उपसलं आणि विहीर आटली तर?"

"मग काय करू? पानी लोनच्यात घालून ठिवू?"

पहिल्यांदाच मी तिच्याशी भांडलो. माझं भांडण म्हणजे मी जेवलो नाही. तिनं ताट झाकून ठेवलं आणि सकाळी तेच पुढं केलं. मग मी गुमान वाल नसलेल्या दोन्ही खाचरांत भुईमूग टोकला. त्यानंतर वालाच्या शेंगा तोडून झाल्या, तसा त्या खाचरांतही तिनं मूग टाकला. ज्या ज्या दिवशी मोटर चालू व्हायची, त्या त्या दिवशी मी विहिरीच्या काठावर. पाणी खाली जाताना बघत बसायचं. आक्का लांबून ओरडायची, "काय पडलंय का तुमचं आत? सरका मागं, विहिरीला नजर लागंल."

पण सकाळी बघावं तर पाणी पुन्हा वर आलेलं. होळी गेली, पाडवा गेला. वरकसावर चरांच्या कडेनं गवत हिरवं राहिलं. गावात टँकर आला तेव्हा आक्का मुद्दाम रस्त्यात जाऊन उभी राहिली आणि टँकरवाल्याला म्हणाली, "आमच्यात नगं, पुढं घ्या." तेवढ्यासाठी तिनं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं.

अक्षयतृतीयेच्या सुमाराला दादा आला. विहिरीत डोकावला. खडा टाकला. बुडुक असा भरीव आवाज आला. मग त्यानं पोहरा सोडून पाणी काढलं आणि तो ते ओंजळीनं प्याला. "लहानपणी अशी होती," एवढंच म्हणाला. मला त्याच्या पाया पडावंसं वाटलं. आपण सुटलो, असं मी धरून चाललो.

पुढच्या रविवारी तो एका माणसाला घेऊन आला. पांढरे बूट, कानात फोनची गुंडी. प्लॉटचं काम करणारा एजंट. त्यानंही विहिरीत डोकावून बघितलं आणि खूश झाला. "बारमाही पाणी? साहेब, फार्महाऊसवाले ह्यासाठीच जीव टाकतात. मागच्या वर्षी कोण विचारत नव्हतं, आता रांग लावतो."

मी वर चरांकडे बघितलं. दोन वर्षं डोंगर खणून मी काय केलं होतं, तर आक्काच्या रानाचं गिऱ्हाईक वाढवून ठेवलं होतं.

आक्का दादाला म्हणाली, "विहीर आटली तर इकायचं, असं ठरलं हुतं ना रं?"

"हो. पण नाही आटली तर विकायचं नाही, असं कुठं ठरलं होतं?"

आक्कानं विचार केला. "व्हय. ते बी खरंच." मग एजंटाकडे वळली. तो खाचरात उतरायला बूट काढत होता. "अहो सायब, पाय नका टाकू. भुईमूग हाय. शेंगा भरायला लागल्यात, भुई भुसभुशीत ठिवलीया."

"मावशी, फक्त खुणा करायच्या होत्या. मोजणीला सोमवारी माणूस आणतो."

"उभ्या पिकात मोजनी?" आक्का हसली. "साखळी ओढत्याल का शेंगांतनं? असं कुटं करत्यात का? इचारा गावात."

दादाला हे माहीत होतं. उभ्या पिकात मोजणीचा माणूस उतरवायचा नाही, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. "बरं, मग भुईमूग कधी निघणार?"

"वैशाख सरता सरता."

"त्यानंतर?"

"मिरगाला भाताचं रोप, मग लावनी."

"भात निघाल्यावर?"

"वाल. मागनं मूग."

"आणि ह्या खाचरात?"

"भुईमूग. आत्ताच न्हाई का सांगितलं?"

दादा बोटं मोजता मोजता थांबला. एजंटानं बूट परत घातले आणि फोन आल्यासारखं करून गाडीकडे गेला. दादा आईकडे बघत राहिला. "तू हे मुद्दाम केलंस."

"मुद्दाम कशाला? पानी नव्हतं तवा रान सा म्हैनं उघडं पडायचं. कुनीबी यावं, मोजावं, बोलून जावं. आता पानी हाय तर पेरू नको?"

दादानं भुईमुगाचा एक वेल उपटला, दोन कवळ्या शेंगा फोडून खाल्ल्या. जाताना मला म्हणाला, "भुईमूग निघाला की लावणीपर्यंत महिना मधे आहे ना? तेव्हा बघू." आवाज हसरा होता, पण मला त्या महिन्यानं पुन्हा झोप लागू दिली नाही. मी आक्काला म्हटलं, भुईमूग निघाल्यावर काय? ती म्हणाली, "तुझी ताई त्या ताग का फागाचं काय म्हनत हुती मागं?"

ताई म्हणाली होती, की मधल्या मोकळ्या दिवसांत ताग पेरा आणि लावणीआधी चिखलात गाडा. जमीन झाकलेली राहते आणि खतही होतं.

शेंगा अंगणात वाळायला पडल्या होत्या, तेव्हा दादाचा फोन आला. आक्काला नाही, मला.

"भुईमूग निघाला का रे?"

"निघाला."

"आणि मूग?"

"तोही."

"मग रान आता मोकळं?"

मी बियांची पाटी कडेवर धरून खाचरात उभा होतो. शेजारी आक्का मूठ मूठ बी फेकत पुढं चालली होती. "ताग टाकलाय दादा," मी म्हटलं.

"ताग? त्याचं काय करणार?"

"लावणीच्या आधी गाडायचा."

तिकडे गाड्यांचे हॉर्न ऐकू येत होते. "म्हणजे गाडायला पेरलाय."

"हो."

"आणि त्याच्यावर भात."

"हो."

पुन्हा हॉर्न. मग दादा म्हणाला, "आईला दे."

आक्काचे हात मातीचे. मी फोन तिच्या कानाला लावून धरला. तो काय बोलत होता ते मला ऐकू येत नव्हतं, फक्त हिचं ऐकू येत होतं. "व्हय... न्हाई, शेंगा न्हाई इकल्या. व्यापाऱ्याला कशापायी दिऊ?... आरं मग ये की, एक पोतं तुलाच काढून ठिवलंय... एकट्यानं उचलू नगं, तुझी कंबर कसली हाय ती मला ठावं हाय. पाव्हण्याला लावून देते संगं. पर संध्याकाळी माघारी पाठव त्याला. तागाला पानी सोडायचंय."